मोजणारे आणि दुरुस्त करणारे

इंटरनेटच्या इतिहासाचा प्रारंभ सांगताना २९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र बहुधा सांगितली जाते. लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संगणकावरून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्याचा यत्न झाला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. ही हकीकत आता बालवाचकांच्या पुस्तकांतूनही येते. परंतु तिच्याआड दडलेला एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या जाळ्याचे पहिले यंत्र लॉस एंजलिसलाच का बसविण्यात आले? अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील ‘आर्पा’ या विभागाच्या पैशातून हे काम चालले होते, आणि संगणकांची व विद्वानांची त्या देशात इतरत्र काही वाण नव्हती.

उत्तर असे आहे की, त्या विद्यापीठात लेनर्ड क्लाइनरॉक हे प्राध्यापक होते. संदेशांच्या रांगा कशा लागतात आणि कशा ओसरतात याचे गणित त्यांनी आपल्या प्रबंधात मांडले होते, आणि नव्या जाळ्याचे मापन केंद्र आर्पाने त्यांच्या स्वाधीन केले होते. मूल जन्मास येण्यापूर्वीच त्याची नाडी पाहणारा वैद्य नेमला गेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

नाडी पाहणारा एक आणि औषध देणारा दुसरा, अशी मात्र ही व्यवस्था होती. जाळे बांधण्याचा व चालू ठेवण्याचा मक्ता मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील ‘बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन’ या कंपनीकडे होता. तिच्यातील फ्रँक हार्ट यांच्या मंडळीने प्रत्येक ठिकाणी बसवावयाची संदेशवाहक यंत्रे सिद्ध केली. ‘आय.एम.पी.’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जात. आजच्या राउटरचे ते पूर्वज होत. संदेशाचे तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता घालून, ते सेकंदाला ५० हजार बिटे वाहणाऱ्या तारांवरून पुढे ढकलावयाचे, हे त्यांचे काम. या तुकड्यांना पॅकेट असे नाव पडले. विशेष हे की, या यंत्रांच्या अंतरंगातच मोजमापाची साधने पहिल्यापासून घातलेली होती. किती पॅकेटे आली व गेली याची बेरीज, कोणत्याही क्षणी रांगा किती आहेत याचे चित्र, एखाद्या पॅकेटाचा माग, आणि खोटी वाहतूक निर्माण करून जाळ्यावर भार टाकण्याची सोय, इतके सर्व त्यांत होते. ही माहिती जाळ्यावरूनच लॉस एंजलिसला धाडली जाई.

क्लाइनरॉक यांच्या केंद्रावरील तरुणांना जाळे कोठे मोडते ते शोधावयाचे होते; केंब्रिजच्या मंडळींना ते मोडू द्यावयाचे नव्हते. एकाचे यश ते दुसऱ्याची डोकेदुखी! तथापि या भांडणाला लवकरच एक विलक्षण कलाटणी मिळाली, आणि ती देणारा मनुष्य बांधणाऱ्यांच्याच गोटातला होता. रॉबर्ट कान हे केंब्रिजच्या चमूतील गणिती वळणाचे गृहस्थ. अमुक परिस्थितीत या जाळ्यात कोंडी होऊन ते ठप्प होईल, असे ते प्रथमपासून सांगत. सहकाऱ्यांना ही पुस्तकी भीती वाटे. १९७० च्या आरंभी कान आणि डेव्ह वॉल्डन हे लॉस एंजलिसला गेले, मापन केंद्रातील साधने वापरून त्यांनी जाळ्यावर हेतुपुरस्सर भार घातला, आणि जाळे सांगितल्याप्रमाणे ठप्प झाले.

या कोंडीचे स्वरूप समजून घेण्याजोगे आहे. मोठ्या संदेशाची आठपर्यंत पॅकेटे होत, आणि सर्व येईपर्यंत शेवटचे यंत्र ती आपल्यापाशी ठेवून घेई. स्टेशनावरच्या पार्सल गुदामाची कल्पना करावी. गुदामात अनेक बिऱ्हाडांचे सामान येत आहे. नियम असा की, बिऱ्हाडाचे आठही डाग आल्याखेरीज एकही सोडावयाचा नाही. आता प्रत्येकाचे सहासात डाग येऊन गुदाम गच्च भरले आणि उरलेले डाग बाहेर हातगाडीवर उभे राहिले, म्हणजे काय होणार? आतले बाहेर जात नाहीत, कारण बाहेरचे आत येत नाहीत. हमालांचा दोष नाही, रुळांचा दोष नाही, आणि तरीही सर्व थांबले आहे. १९७२ मध्ये केंब्रिजच्या मंडळींनी पद्धत बदलली. मोठा संदेश धाडण्यापूर्वी पलीकडे जागा राखून घ्यावी, मगच माल सोडावा, असे ठरले.

आणि १९७३ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुमारास, मोजमापानेच जाळे पाडले. लॉस एंजलिसच्या केंद्राने सर्व ठिकाणच्या यंत्रांकडून एकाच वेळी रांगांची चित्रे मागविली. ती सर्व लॉस एंजलिसच्या यंत्राकडे धावत आली. त्यांच्यासाठी जागा राखून ठेवल्याची नोंद यंत्रात होती. प्रत्यक्ष जुळणीचे कप्पे मात्र एकही शिल्लक नव्हते. कागदोपत्री तरतूद आहे आणि तिजोरीत पैसा नाही, हा प्रकार सरकारी नोकराला नवा नाही. पण यंत्रालाही तो घडावा याची गंमत वाटते. क्लाइनरॉक यांच्या लेखनात या प्रसंगाला ‘नाताळची कोंडी’ असे नाव आहे.

या प्रसंगावरून मापकांना बोल लावणे सोपे आहे. जे जाळे बरे चालले होते ते तुम्ही मोजावयास गेलात आणि पाडलेत, असे कोणीही म्हणेल. परंतु तो दोष आधीच तेथे झोपलेला होता. मोजणाऱ्यांनी तो जागा केला, आणि केला तोही अशा काळी, की जाळ्यावर थोडकी विद्यापीठे होती. हाच दोष वीस वर्षांनी जागा झाला असता तर त्याची किंमत कोणी मोजली असती? माझ्या मते त्या पहिल्या पाचसहा वर्षांत जाळ्याला जे शहाणपण आले, त्याचा बराच भाग या कुरापतखोर तरुणांच्या खटाटोपाचा आहे. १९७३ च्या ऑगस्टमधील एका सबंध आठवड्याची वाहतूक त्यांनी मोजली, आणि बहुतेक संदेश इतके लहान असतात की एका पॅकेटात मावतात, ही गोष्ट तेव्हा प्रथम आकड्यांनी सिद्ध झाली. ज्या मोठ्या संदेशांसाठी एवढी गुदामे बांधली, ते फारसे येतच नव्हते! १९७५ मध्ये जाळ्याचा कारभार संरक्षण दळणवळणाच्या खात्याकडे गेला आणि मापन केंद्राचा तो अधिकार संपला. चालू असलेले यंत्र मोडून पाहण्याची मुभा त्यानंतर कोणालाही तशी राहिली नाही.

मोजमाप मात्र गेले नाही. ते यंत्रांच्या पोटात शिरले. १९७९ मध्ये मार्ग ठरविण्याची नवी पद्धत आली. प्रत्येक यंत्राने आपल्या तारांवर किती विलंब होतो हे दर १० सेकंदांनी मोजावे आणि त्याचा अहवाल सर्वांना कळवावा; ज्याला त्याला मग जवळची वाट आपली आपण काढता येईल, अशी ही योजना होती. ती पूर्वीपेक्षा निःसंशय चांगली होती. जुना अहवाल कोणता आणि नवा कोणता हे कळावे म्हणून त्यांवर ० ते ६३ असे क्रमांक घालीत, आणि ६३ नंतर पुन्हा शून्य येई. घड्याळाच्या तबकडीवर जसे बारानंतरचा एक हा पुढचा मानावा, तशीच येथे अर्ध्या वर्तुळापर्यंतचा आकडा पुढचा मानीत.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी ५० क्रमांकाच्या यंत्राच्या नावाचे तीन अहवाल एकदम फिरू लागले. त्यांवरचे क्रमांक ४४, ४० आणि ८ असे होते. द्विमान पद्धतीत ४४ मधील एक खूण गळाली की ४० होतात, आणि ४० मधील एक गळाली की ८ होतात. यंत्राच्या स्मृतीत असेच काही गळाले होते. आता तबकडीवर पाहावे. ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि ४४ च्या पुढे फिरून येणारा ८ हा ४४ पेक्षाही नवा! प्रत्येक यंत्र प्रत्येक वेळी “हा अधिक ताजा” असे म्हणून तो अहवाल स्वीकारी व शेजाऱ्यांना वाटी. अहवालांना साध्या वाहतुकीपेक्षा अग्रमान होता. त्यामुळे काही तासपर्यंत जाळ्याने दुसरे कोणतेही काम केले नाही. आपल्या प्रकृतीचे वृत्त ते स्वतःलाच सांगत राहिले. शेवटी ५० क्रमांकाकडून आलेला अहवाल फेकून द्यावा, अशी ठिगळवजा आज्ञा यंत्रांत घालण्यात आली, तेव्हा ते शुद्धीवर आले. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिलेला याचा वृत्तांत तांत्रिक असूनही एखाद्या रहस्यकथेसारखा वाचावा असा आहे.

या ठिकाणी थोडे विषयांतर केल्यावाचून राहवत नाही. ज्या कचेरीत माझी उमेदवारीची वर्षे गेली, तेथे प्रलंबित कागदांचे साप्ताहिक पत्रक करावे लागे. कागद किती आले, किती निकालात निघाले, किती दिवसांचे पडून आहेत, असे त्याचे रकाने होते. हे पत्रक करण्यात शुक्रवारचा बहुतेक दिवस जाई, आणि त्या दिवशी अर्थातच कागद निकालात निघत नसत. पत्रक नसते तर कोणत्या टेबलाशी गाडा अडला आहे हे वरिष्ठांना कधी कळले नसते, हेही तितकेच खरे. दोन्ही बाजू मला ठाऊक असल्यामुळे ऑक्टोबर १९८० च्या त्या बिचाऱ्या यंत्रांविषयी मला एक प्रकारची आस्था वाटते.

१९८३ च्या डिसेंबरात मेरीलँडमधील एका लष्करी प्रयोगशाळेत माइक मूस यांनी एक छोटी आज्ञावली लिहिली. जाळ्यात काहीतरी बिघडले होते आणि ते कोठे, हे कळत नव्हते. पाणबुडीचा शोध घेण्यासाठी जसा नाद सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, तसे एक पॅकेट सोडावे आणि ते परत यावयास किती वेळ लागतो ते पाहावे, ही कल्पना. त्यांनी तिला ‘पिंग’ असे त्या नादाचेच नाव दिले. रात्रभर बसून त्यांनी काम तडीस नेले. पण मूस यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, पहिले पॅकेट सुटण्यापूर्वीच शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने बिघडलेले यंत्र दुरुस्तही केले होते! ज्या दुखण्यासाठी थर्मामीटर घडविला ते उतरून गेले आणि थर्मामीटर उरला. आज जगातल्या बहुतेक सर्व संगणकांत तो आहे.

या सर्व हकीकतीचा मध्यबिंदू मात्र १९८६ चा ऑक्टोबर होय. बर्कली येथे विद्यापीठ आणि लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यामध्ये ४०० यार्डांचे अंतर आहे. त्यांच्यामधील जोडणीवरून सेकंदाला ३२ हजार बिटे जात असत. ती एकाएकी सेकंदाला ४० बिटे जाऊ लागली. हिशेब करून पाहिला तर दोन हजार अक्षरांचे एक पान जेथे अर्ध्या सेकंदात जात होते, तेथे आता ४०० सेकंद म्हणजे पावणेसात मिनिटे लागू लागली. एवढ्या अवधीत तो कागद हाती घेऊन मनुष्य टेकडी चढून जाऊ शकेल. तारा तुटल्या नव्हत्या. उलट, त्या भरभरून वाहात होत्या. फक्त त्यांतून जे वाहात होते ते बहुतेक पुनरुक्त होते. पॅकेट वेळेवर पोहोचल्याची पावती आली नाही की संगणक ते पुन्हा धाडी; पुन्हा धाडल्याने गर्दी वाढे; गर्दीने पावत्या अधिक लांबत; की पुन्हा धाडणे आलेच. अशी ‘कोंडीतून कोसळ’ होऊ शकते, असा इशारा जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच देऊन ठेवला होता. तारांची ऐपत गरजेपेक्षा जास्त आहे म्हणूनच आपण वाचलो आहोत, असे त्यांचे निदान होते.

प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठात माइक कॅरल्स असे दोघे या कोड्याच्या मागे लागले. आपली आज्ञावली सदोष आहे, की भलत्याच परिस्थितीत सापडली आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. उत्तर शोधण्यासाठी जेकबसन यांना प्रत्येक पॅकेट केव्हा निघाले व केव्हा पोहोचले हे डोळ्यांनी पाहावयाचे होते, आणि तसे पाहण्याची साधने नव्हती. त्या काळातच त्यांच्या हातून दोन साधने निपजली. एक पॅकेटांची नोंद टिपणारे आणि दुसरे, पॅकेट कोणकोणत्या यंत्रांतून गेले तो मार्ग दाखविणारे. ‘टीसीपीडंप’ व ‘ट्रेसराउट’ या नावांनी ती आजही वापरात आहेत.

जे दिसले ते असे होते. संगणक संभाषणाच्या आरंभीच पॅकेटांचा लोंढा सोडतो आणि वाटेतली छोटी रांग भरून टाकतो. पावतीची वाट किती पाहावी याचा त्याचा अंदाजही चुकलेला असतो, कारण तो सरासरी विलंब मोजतो. विलंब किती हेलकावतो, हे मोजीत नाही. शिवाय एक सूक्ष्म गोम होती. पुन्हा धाडलेल्या पॅकेटाची पावती आली तर ती पहिल्या प्रतीची की दुसऱ्या, हे समजावयास मार्ग नव्हता, आणि भलत्या प्रतीपासून वेळ मोजला गेला की पुढचे सर्व अंदाज नासत. यावर फिल कार्न व क्रेग पार्ट्रिज यांनी १९८७ मध्ये सुचविलेला उपाय मोठा मार्मिक आहे. अशा पॅकेटाचे मोजमापच करू नये! संशयित आकडा वहीत लिहिण्यापेक्षा रकाना मोकळा ठेवलेला बरा.

जेकबसन यांचा उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बर्कली युनिक्सच्या नव्या आवृत्तीतून गावोगाव पोहोचला. प्रारंभी हळू निघावे, पावत्या येतील तसा वेग वाढवावा, पॅकेट हरवले की कोंडी झाली असे समजून हात आखडता घ्यावा, असे त्याचे सार सांगता येईल. प्रत्येक संगणक आता स्वतःपुरते मोजू लागला आणि स्वतःपुरते सुधारू लागला. मध्यवर्ती केंद्राची, पत्रकांची वा आदेशांची गरज उरली नाही. मोजणारा आणि दुरुस्त करणारा यांची तोंडे ज्या क्षणी एक झाली, त्या क्षणी जाळे वाचले, असे मी समजतो. यात एक उणीव मात्र राहिली. “पॅकेट हरवणे म्हणजे कोंडी” या एकाच खुणेवर सारा डोलारा उभा होता. ही खूण उशिरा मिळाली तर काय, याचा विचार करण्याची तेव्हा निकड नव्हती.

मधल्या काळाची हकीकत थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे जाळे हे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून इंटरनेटचा कणा होते. वाहतूक इतकी वाढली की, तिची मोजदाद करणारी यंत्रे मागे पडू लागली. तेव्हा १९९१ मध्ये दर ५० पॅकेटांतून एकच मोजावयाचे असे ठरले. निदान एक खातेवही तरी होती. ३० एप्रिल १९९५ रोजी हा सरकारी कणा बंद झाला, वाहतूक खाजगी कंपन्यांच्या तारांवर गेली, आणि ती वही मिटली. संपूर्ण जाळ्यावर किती वाहते हे त्यानंतर कोणा एकालाही सांगता येईना. अशा अंधारात भविष्यवाद्यांचे फावते. बॉब मेटकाफ या थोर संशोधकाने १९९५ च्या डिसेंबरात असे लिहिले की, पुढील वर्षी इंटरनेट कोसळेल. तसे न झाले तर आपले शब्द आपण गिळू. १९९७ मध्ये त्यांनी तो छापील लेख पाण्यात घुसळून भर सभेत प्राशन केला! वर्न पॅक्सन यांनी थोड्याशा ठिकाणी मापनयंत्रे ठेवून केलेला, १९९७ मध्ये पुरा झालेला प्रबंध आणि त्याच वर्षी सॅन डिएगोत उभी राहिलेली ‘केडा’ ही संस्था, हे त्या अंधारातील दिवे होत.

२०१० मध्ये जिम गेटिस हे बेल प्रयोगशाळेतील अभियंते आपल्या घरच्या जोडणीवर त्रस्त झाले होते. मोठी फाईल कचेरीकडे धाडावयास घेतली की घरातील इतर सर्वांचे काम खोळंबे, आणि मुले तक्रार करीत. त्यांनी पिंग करून पाहिले. एरवी सेकंदाच्या अल्पांशात परत येणारे पॅकेट आता सेकंदाहूनही अधिक काळ घेत होते. आश्चर्य असे की, वेग चांगला होता आणि पॅकेटेही फारशी हरवत नव्हती. जी दोन मापे सर्व जग पाहात होते, ती दोन्ही उत्तम. आणि रोगी मात्र अंथरुणाला खिळलेला!

कारण शोधता असे दिसले की, प्रत्येक राउटरात व मोडेमात पॅकेटांच्या रांगेसाठी राखलेली जागा, म्हणजे बफर, बेसुमार वाढली होती. स्मृती स्वस्त झाली होती, आणि पॅकेट हरवणे हे पाप आहे असा समज होता. परीक्षेत जर वेग आणि हरवलेली पॅकेटे एवढेच पाहिले जाणार असेल, तर कारखानदार मोठाच बफर घालणार. त्यात त्याचा काय अपराध? पण जेकबसन यांच्या उपायाला पॅकेट हरवण्याची खूण हवी होती. गुदाम इतके मोठे झाले की ते भरून सांडेपर्यंत पाठविणाऱ्याला गर्दीचा पत्ताच लागेना. जाळ्याला गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ या नावाचा रोग जडल्याचे जाहीर केले. बफरांना सूज आली आहे, असा त्याचा अर्थ. त्याच सुमारास बर्कलीतील ‘नेटलायझर’ या चाचणीने हजारो घरांतून हीच लक्षणे टिपली होती.

या रोगावर औषध पूर्वीच निघाले होते. १९९३ मध्ये सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी सरासरी रांग वाढू लागली की गुदाम भरण्यापूर्वीच अधूनमधून एखादे पॅकेट टाकून द्यावे, असे सुचविले होते. परंतु त्याचे आकडे जागोजाग जुळवावे लागत. ते जुळवणार कोण? पुष्कळ ठिकाणी ते औषध बाटलीतच राहिले. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी याची मीमांसा केली. रांग किती लांब आहे, हे मोजणेच चुकीचे होते. लांब रांग क्षणभर लागून ओसरत असेल तर ती उपकारकच असते. पॅकेट रांगेत किती वेळ उभे होते हे मोजावे, आणि १०० सहस्रांश सेकंदांच्या अवधीत हा वेळ एकदाही ५ सहस्रांश सेकंदांखाली आला नाही, तरच रांग दुष्ट समजावी. तिकिटाच्या खिडकीसमोर किती माणसे आहेत यापेक्षा आपला नंबर लागावयास किती वेळ गेला, हे उभ्या राहणाऱ्याला अधिक कळते. ‘कोडेल’ या नावाचा हा उपाय त्याच वर्षीच्या जुलैत लिनक्सच्या ३.५ या आवृत्तीत आला.

याच वर्षांत १९६९ मधील जुना कलह नव्या वेषात उभा राहिला. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने २०११ मध्ये घरोघरच्या ब्रॉडबँडचे मापन सुरू केले. जॉर्जिया टेक येथील संशोधकांनीही ‘बिस्मार्क’ नावाने घरांत मापक राउटर बसविले. मापकाला वर्षानुवर्षे तेच राउटर, तीच आज्ञावली आणि तीच पद्धत हवी असते, नाहीपेक्षा या वर्षीचा आकडा गतवर्षीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. दुरुस्त करणाऱ्याला तेच राउटर उघडून नवी आज्ञावली घालावयाची असते, कारण रोगी समोर कण्हतो आहे. शिवाय मोजण्यासाठी तार भरावी लागते. तितका वेळ घरातल्या लोकांनी थांबावयाचे, की मापकाने रात्री ते निजल्यावर मोजावयाचे? आणि रात्री मोजलेला आकडा संध्याकाळच्या गर्दीबद्दल काय सांगणार? डेव्ह टाट हे या काळातील दुरुस्तीपंथाचे अध्वर्यू. स्वस्त राउटरांत घालता येईल अशी ‘सेरोडब्ल्यूआरटी’ नावाची आज्ञावली त्यांनी सहकाऱ्यांसह सिद्ध केली, आणि नवे औषध प्रथम त्यातून द्यावे, परिणाम तिथल्या तिथे मोजावा, पुन्हा बदल करावा, असा सपाटा चालविला. २०२५ मध्ये ते निवर्तले. त्यांची बाजू मला अधिक जवळची वाटते. पण जुन्या अविचल मोजमापांच्या मालिका नसत्या, तर “सुधारणा झाली” असे त्यांना तरी कोणत्या तोंडाने म्हणता आले असते?

आपल्याकडे २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे सेकंदाला किमान २५६ हजार बिटे अशी व्याख्या होती. २०१३ मध्ये ती ५१२ हजार व २०२३ मध्ये २० लाख झाली. तिन्ही व्याख्या वेगाच्या आहेत. भार असताना उत्तर यावयास किती वेळ लागतो, हा आकडा त्यांत कोठेही नाही. २०२१ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या यंत्रांत एक चाचणी घातली. तार भरलेली असताना मिनिटाला किती फेऱ्या होतात, हे ती सांगते. मोटारीच्या इंजिनाचे फेरे लोकांना ठाऊक असतात, तेव्हा मोठा आकडा म्हणजे चांगला, हे कोणालाही उमजावे असा हिशेब त्यामागे दिसतो.

शेवटी २०१६ मधील एक उपाय सांगतो. गूगलमधील मंडळींनी, जेकबसन यांच्यासह, ‘बीबीआर’ नावाची नवी पद्धत काढली. पॅकेट हरवण्याची वाट न पाहता मार्गाची रुंदी आणि त्याची लांबी, अर्थात तार किती वाहू शकते आणि रिकाम्या मार्गावर किती विलंब लागतो, या दोन गोष्टी तिने मोजावयाच्या. क्लाइनरॉक यांनी १९७९ मध्ये गणिताने दाखविलेल्या उत्तम बिंदूपाशी जाळे चालवावे, हा हेतू. अडचण अशी की, ही दोन मापे एकदम घेताच येत नाहीत. रुंदी कळावयास मार्ग भरावा लागतो, आणि भरला की रांग लागते. लांबी कळावयास रांग नाहीशी व्हावी लागते, आणि मग मार्ग भरलेला राहात नाही. म्हणून दर १० सेकंदांनी ही पद्धत आपला प्रवाह चार पॅकेटांवर आणून सुमारे २०० सहस्रांश सेकंद जवळजवळ थांबते, रांग ओसरू देते, विलंब टिपते आणि पुन्हा कामास लागते. वेळेपैकी दोन टक्के यात जातात. २०१९ मध्ये पुढे आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हा खंड सौम्य करण्यात आला. प्रवाह चार पॅकेटांपर्यंत न उतरविता निम्म्यावर आणावयाचा, आणि दहाऐवजी दर पाच सेकंदांनी, असे आता ठरले आहे.